सासू-सासरे कोल्हापूरहून नेरुळला येत आहेत. एका दिवसात त्यांना मुंबई कशी दाखवू?

तुमची यादी वाचली: सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, गेटवे, बच्चनचा बंगला आणि शेवटी जुहू. माणसं सत्तरीची, सासूबाईंचे गुडघे दुखणारे आणि हाताशी एकच रविवार. एवढं सगळं करायला गेलात तर दोघं मुंबई गाडीच्या काचेतूनच पाहतील, आणि त्यातही पुढच्या टेम्पोची मागची बाजूच जास्त.

माझं ऐकाल तर फोर्ट आणि समुद्र सोडून बाकी सगळ्यावर काट मारा. महालक्ष्मीवर तर आधी. कोल्हापूरकरांना महालक्ष्मीच्या दर्शनाला मुंबईत आणायचं म्हणजे काशीकराला गंगाजल पाजण्यातला प्रकार. सिद्धिविनायकाला रविवारी रांग असतेच. बच्चनच्या बंगल्याचं फाटक बघून काय मिळतं ते मला आजवर कळलेलं नाही. मुंबई मुळात बंदर आहे, आणि घाटावरच्या माणसांना दाखवायचं तर ते बंदर दाखवावं. तेही पाण्यात जाऊन. किनाऱ्यावरून नुसती गर्दी दिसते.

गाडी करू की लोकल, असं विचारलंत. जाताना लोकलच. रविवारी सकाळी लवकर निघा आणि बेलापूरहून सुटणारी सीएसएमटी गाडी धरा, म्हणजे नेरुळला बसायला जागा मिळेल. वाशी सोडल्यावर खाडीपुलावर त्यांना खिडकीशी बसवा. हार्बर लाइनचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) असला तर तो साधारण अकरा ते चारच्या आसपास असतो, म्हणून सकाळी त्याच्या आधी पोहोचायचं आणि संध्याकाळी तो संपल्यावर परतायचं. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

सीएसएमटीला उतरलात की लगेच टॅक्सीकडे पळू नका. स्टेशन बाहेरून बघायला अर्धा तास द्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेली ही इमारत 1888 च्या सुमारास पुरी झाली आणि 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण सासऱ्यांना हे सांगण्यापेक्षा भिंतीवरचे मोर, माकडं आणि घुबडं शोधायला लावा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. मग टॅक्सी करून हुतात्मा चौकावरून गेटवेला चला. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यापाशी टॅक्सी जरा हळू घ्यायला सांगा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या गोष्टी त्या पिढीने घरात ऐकलेल्या असतात, त्यामुळे पुढचं सासरेच सांगतील.

गेटवेवर फोटोवाले मागे लागतील, एक फोटो काढून घ्या आणि सुटा. 1911 साली पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हती, ती 1924 साली पुरी झाली. आणि 1948 च्या फेब्रुवारीत शेवटचं ब्रिटिश सैन्य याच कमानीतून परत गेलं. मला स्वतःला त्या दगडापेक्षा हा हिशोब जास्त आवडतो.

खरा दिवस इथून पुढे. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बोटीने घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या लेण्यांना जा, तासाभराचा प्रवास आहे. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे बोट निघाल्यावर मागतात, ते द्या, वारा आणि नजारा वरच आहे. लाइफ जॅकेट मात्र अंगात घालायचंच. डिसेंबर 2024 मध्ये याच वाटेवर मोठा अपघात झाला आहे. बोट निघाली की डावीकडे नौदलाची जहाजं, मग जवाहर बेटाला लागलेले तेलाचे टँकर, पलीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर. उजव्या अंगाला लांबवर उंच क्रेनांची रांग दिसते, ते न्हावा-शेवा. 1989 साली सुरू झालेलं ते बंदर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. म्हणजे नाव मुंबईचं आणि कंटेनरची ओझी आपल्या बाजूला. गंमत म्हणजे घारापुरीसुद्धा मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. आपण नवी मुंबईकर खाडी ओलांडून मुंबईला जातो आणि तिथून बोटीत बसून पुन्हा आपल्याच बाजूला येतो!

आता गुडघ्यांचं. धक्क्यापासून थोडं अंतर छोटी गाडी नेते, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, भाव बसायच्या आधीच ठरवा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर माकडं. थंड पेयाची बाटली हातात दिसली की गेलीच म्हणून समजा, डबा आणलात तर बोटीतच संपवा. लेण्यात त्रिमूर्तीसमोर सासूबाईंना निवांत बसू द्या. मूर्ती वीसेक फूट उंच आहे. आपल्या डाव्या हाताचा चेहरा मिशीवाला, उग्र, आणि उजवीकडचा इतका नाजूक की तो बाईचाच वाटतो, त्याच्या हातात कमळ आहे. शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावाही चुकवू नका, पार्वतीने खाली घातलेली मान बघा.

परत येताना एक सांभाळा. गेटवेला बोटी एकमेकींना खेटून लागतात आणि कधी कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकत उतरावं लागतं. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्या आणि खलाशाचा हात धरूनच सासूबाईंना उतरवा. हे जमणार नाही असं वाटलं तर घारापुरी सोडा. गेटवेवरूनच बंदरात अर्ध्या तासाची फेरी मारणाऱ्या बोटी असतात.

जेवण कुलाब्यात उरका, फोर्टातली बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात. दुपारी शक्ती असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच आहे. नसेल तर टॅक्सीने थेट मरीन ड्राइव्ह गाठा, कट्ट्यावर बसा, भेळ खा, सूर्य बुडू द्या. जुहूला वेगळं काही मिळत नाही. परतीची लोकल सीएसएमटीलाच पकडा, गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं. दोघं अगदीच थकले असतील तर अटल सेतूवरून टॅक्सी करा. टोल चांगलाच पडतो, पण रात्री पुलावरून बंदराचे दिवे दिसतात.

रविवार जमला नाही तर सोमवार तेवढा टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि पाहुणे पावसाळ्यात येणार असतील तर बोटीचा भरवसा धरू नका. तेव्हा सीएसएमटी, वस्तुसंग्रहालय आणि मरीन ड्राइव्हवरच्या लाटा एवढंच ठेवा. छत्र्या मात्र दांड्याच्या घ्या, घडीच्या तिथल्या वाऱ्यात उलट्या होतात.