जुनं चेनसॉ: स्क्रूला हात लावण्याआधी

निफाडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं ५० सीसीच्या आसपासचं जुनं चेनसॉ चार वर्षं शेडमध्ये पडून होतं. आता म्हातारी झालेली द्राक्षबाग काढायची आहे. चोक ओढला की मशीन चालू होतं, चोक बंद करून रेस दिली की मरतं. मेकॅनिकने कार्बोरेटर आणि सिलिंडर-पिस्टन दोन्ही बदलायला सांगितलंय. घरी दुरुस्त होईल का, की स्वस्तातलं नवं घ्यावं?

भाऊ, नवं घेऊ नका. आणि पिस्टन डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिस्टनवर एक रुपया घालू नका. मी नाशिकजवळ मखमलाबादला राहतो, वीसेक वर्षं आसपासच्या बागायतदारांची मशीनं माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडतोय. चार वर्षं पडून राहिलेल्या मशीनचं इंजिन सहसा शाबूत असतं. सडतं ते पेट्रोल, आणि त्या पेट्रोलने खराब झालेलं रबर.

पिस्टन बघायला अर्धा तास लागतो. प्लग काढा, सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट सोडा, मोबाईलचा टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली करा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा दिसत असतील तर मशीन चांगलं आहे. उभे ओरखडे असतील, ॲल्युमिनियम पुसल्यासारखं झालं असेल, तर मेकॅनिक बरोबर होता. सायलेन्सरच्या बाजूचे ओरखडे म्हणजे ऑइल कमी पडलं किंवा मशीनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली. कार्बोरेटरच्या बाजूचे असले तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. सायलेन्सर हातात आहेच, तर त्याची जाळीही बघा. ती काजळीने बुजली की मशीनचा जीव अर्धा होतो.

नंतर सगळं परत बसवून साधी कॉम्प्रेशनची परीक्षा करा. नुसती दोरीची मूठ धरून मशीन हवेत लटकवा. एकदम सर्रकन खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय, थांबत-थांबत खाली आलं तर ठीक. टू-व्हीलरच्या गॅरेजात कॉम्प्रेशन गेज असतं. १२० पीएसआयच्या वर काटा गेला की निश्चिंत व्हा, १०० च्या खाली असेल तर रिंगचा विचार करा.

आता तुमच्या मशीनचं लक्षण. चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा मिळतेय. इथेच बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे एल (स्लोच्या पेट्रोलचा) आणि एच (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) स्क्रू फिरवायला लागतात. कृपा करून ते करू नका. चार वर्षांपूर्वी मशीन चालत होतं तेव्हा ते स्क्रू जागेवरच होते. पडून राहिल्याने स्क्रू फिरत नाहीत, दुसरंच काहीतरी बिघडलंय.

मी हे कळकळीने सांगतो, कारण एक चांगलं मशीन मी याच चुकीने घालवलंय. स्लोला त्याची रेस आपोआप वर जायची, मूठ सोडली तरी लगेच खाली यायची नाही. मी एच स्क्रू थोडा-थोडा उघडत गेलो, मशीन छान चालायला लागलं, मला वाटलं जमलं. एप्रिलच्या उन्हात दिंडोरीकडे बाभळीचं खोड कापताना अचानक आवाज चढला आणि मशीन जागच्या जागी थांबलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. उघडल्यावर दिसलं की क्रँकचं ऑइल सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग) कडक होऊन तडकलंय. स्क्रूने मी वरून पेट्रोल वाढवत होतो आणि आतली गळती उष्णतेने मोठी होत होती. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, वर उष्णता वाढते. एका सीलपायी सिलिंडर गेला.

म्हणून आधी पेट्रोलची वाट तपासा. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका, तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा आणि पाइप वाकवून बघा. कडक झाला असेल, बारीक चिरा दिसत असतील तर बदला. टाकीची हवेची वाटही बुजते. मशीन पाच मिनिटं चालून मरत असेल आणि झाकण सैल केल्यावर परत चालत असेल तर दोष तिथेच आहे.

मग कार्बोरेटर. नवा घेऊ नका. त्याच्या अंगावर वॉलब्रो किंवा झामा असं नाव आणि नंबर कोरलेला असतो. तो नंबर देऊन फक्त रिपेअर किट मागवा. किटमध्ये डायफ्राम, पॅकिंग, नीडल, लिव्हर एवढं येतं. या कार्बोरेटरला मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो, कारण चेनसॉ आडवंतिडवं धरूनही चालायला हवं. फ्लोटचं काम एक पातळ रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, करतो. तो बोटाने दाबून बघा. ताज्या पापडासारखा लवचीक हवा. भाजलेल्या पापडासारखा झाला असेल तर तुमचा आजार हाच. दुसऱ्या, म्हणजे पंपाच्या, बाजूच्या झाकणाखाली नखाएवढी बारीक जाळी असते, ती बरेच लोक विसरतात. तुमच्या मशीनमध्ये ती जाळी चिकट, हिरवट-तपकिरी थराने बुजलेली निघेल असा माझा अंदाज आहे. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. परत बसवताना बहुतेक कार्बोरेटरमध्ये पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम आणि मग पॅकिंग, तर फ्लोटचं काम करणाऱ्या पडद्याच्या बाजूला आधी पॅकिंग आणि मग डायफ्राम बसतो. उलटं बसलं की मशीन कधीच नीट चालत नाही आणि दोष किटला मिळतो. लिव्हरची उंची जुनी होती तेवढीच ठेवा. भोकांत तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनर आणि हवाच मारा.

हवेच्या गळतीसाठी घरच्या घरी एक युक्ती आहे. जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल घ्या. सायलेन्सर आणि सिलिंडरच्या मध्ये ट्यूबच्या रबराचा तुकडा दाबून बोल्ट आवळा, कार्बोरेटरकडचं तोंडही तसंच बंद करा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. डायलवर ३०० पर्यंत न्या, म्हणजे साधारण ०.४ बार. काटा मिनिटभर हलला नाही तर इंजिन घट्ट आहे. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. बहुतेक वेळा कार्बोरेटरमागचं रबरी बूट (कार्बोरेटर आणि सिलिंडरमधली जोडनळी) किंवा क्रँकचं सील. काही सीलं आतून दाब दिला की बंद होतात आणि ओढ बसली की गळतात, त्यामुळे मशीन जुनंच असेल तर उघडलंय तेव्हा सीलं बदलूनच टाका. सीलवर माप छापलेलं असतं, ते घेऊन नाशिकच्या सातपूर किंवा अंबडला बेअरिंगच्या दुकानात विचारा. कंपनीच्या पार्टची वाट बघायची गरज नाही. क्लच काढावा लागेल, त्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने हातोडीने फोडलेले क्लच माझ्याकडे आले आहेत.

स्पार्क तुमच्याकडे आहेच, त्यामुळे प्लगची फट ०.५ मिमी ठेवा आणि पुढे चला.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडे मशीन वर्षातून दोनदाच बाहेर निघतं. एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी आणि ऑक्टोबरच्या गोड छाटणीच्या वेळी. मधले महिने टाकीत पेट्रोल तसंच. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि इथेनॉलचा विचार न करता बनवलेलं जुनं रबर लवकर खराब करतं. पाणी फार झालं की इथेनॉल-पाणी तळाला बसतं, आणि मशीनचा पाइप तळातूनच ओढतो. त्या थरात ऑइल नसतंच. म्हणून महिनाभरात संपेल तेवढंच मिक्स करा, कडेला गॅलन भरून ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन स्लोला चालवून आपोआप बंद पडू द्या. एवढ्या एका सवयीने तुमचं आत्ताचं दुखणं टळलं असतं. ऑइल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं, डब्यावर जासो एफडी (ऑइलचा दर्जा) लिहिलेलं घ्या. पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. फार जुन्या मशीनच्या पुस्तकात २५:१ असतं, म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या मापाने मोजा.

हे सगळं झाल्यावरच स्क्रू. एल आणि एच हलक्या हाताने बंद करा, दाबू नका, आणि एकेक आटा उघडा. मशीन चांगलं गरम करा. एलने स्लोची सर्वात जास्त रेस शोधा आणि तिथून किंचित उघडा. मग स्लोच्या स्क्रूने रेस एवढी खाली आणा की चेन थांबेल. एच कानाने लावायचा असतो. लाकडाबाहेर पूर्ण रेसला आवाज थोडा फाटका, भरडल्यासारखा यायला हवा आणि लाकडात घुसल्यावर तोच स्वच्छ झाला पाहिजे. बाहेरच शिट्टीसारखा बारीक, स्वच्छ आवाज आला तर लगेच मूठ सोडा आणि एच उघडा. शिट्टी ऐकायला छान वाटते, पण तेव्हा पिस्टन जळत असतो.

बाग काढताना चेनचा जीव जाईल, तो वाचवा. वेलाच्या खोडात जुनी तार रुतलेली असते आणि सालीत काळी माती. एक जुनी चेन फक्त बागेसाठी ठेवा, खोड ब्रशने झाडा आणि जमिनीपासून वीतभर वर कापा. बुंधा नंतर जेसीबी काढेल. कानस चेनच्या मापाची घ्या. ०.३२५ इंच पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) ४.८ मिमी, ३/८ ला ५.२, आणि छोट्या मशीनच्या लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी. सगळे दाते सारख्या लांबीचे ठेवा. मशीन एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचे दाते लांब आहेत किंवा बारची (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीची) कड झिजलीय. भुसा पिठासारखा पडला की थांबा आणि धार लावा, जोर लावू नका. बारला जळकं इंजिन ऑइल घालू नका. त्यातले धातूचे कण बार खातात आणि ते ऑइल तुमच्या अंगावर उडतं.

वडिलांच्या मशीनला पुढे चेन ब्रेक (मुठीपुढचा, चेन थांबवणारा दांडा) आहे का तेही बघा. असेल तर रेस देऊन तो पुढे ढकलून तपासा, चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. नसेल तर वेलांच्या जाळीत बारचं टोक लावून कापू नका. मशीन उलटून तोंडाकडे येतं आणि हात हलवायला वेळ मिळत नाही. गळ्यात उपरणं नको, चष्मा आणि बूट हवेतच.

आता सायलेन्सर काढा, पिस्टन टॉर्चमध्ये दिसेल असा फोटो टाका आणि कार्बोरेटरचा नंबर लिहा. कोणतं किट घ्यायचं ते मी सांगतो.