छोटी डिंगी फार डगमगते, स्थिर कशी करायची?

आधी वजन खाली आणा, बाकी सगळं नंतर. बॅटरी, नांगर, पाण्याचा कॅन हे बसायच्या फळीवर नको, तळाशी मधोमध आणि बांधून ठेवा, कारण सुटं सामान बोट कलली की त्याच बाजूला घसरतं आणि मग संपलंच. तळात साचलेलं पाणीही तेच करतं, म्हणून उपसत राहा. वाळूच्या पिशव्या टाकायचा मोह होतो पण त्याने बोट खोल बसते, काठ पाण्याजवळ येतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना बाहेरून फोमचे नाहीतर हवेचे फ्लोट लावा, पाण्याच्या रेषेच्या जरासे वर, खरा फरक त्यानेच पडतो, फक्त वल्ही अडकत नाहीत ना ते बघा. आणि उभं राहून जागा बदलू नका हो!