अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने करावं की ओपनच बरं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची अन्ननलिका काढायचीये, डॉक्टर रोबोटिक म्हणतायत आणि घरचे म्हणतात मशिनवर भरवसा नको. हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकतोय म्हणून लिहायला बसलो.

आईचं रोबोटिक झालं, आधी केमो-रेडिएशन, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. मामाचं म्हणणं होतं की छाती उघडून हात घातल्याशिवाय कॅन्सर साफ होत नाही. मी सही केली. तिसऱ्या दिवशी आई वॉर्डात चालली, स्पायरोमीटरच्या (श्वास आत ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं यंत्र) दोन गोळ्या वर उचलायला लागली. सहाव्या दिवशी मानेवरची पट्टी ओली लागली, सिस्टरने सोडली तर टाक्यांमधून फेसाळ लाळ येत होती, आईने आवंढा गिळला की तिथे बुडबुडा यायचा. जोड लीक झाला होता. मामा तिथेच म्हणाला, "बघ, काय केलं तुझ्या रोबोटनं."

अहो, अन्ननलिका काढली की जठराचीच नळी करून वर ओढतात आणि वरच्या टोकाला जोडतात. आईचा जोड मानेत होता, तो सर्जनने मानेला छेद देऊन स्वतःच्या हाताने शिवला, तिथे रोबोट नव्हताच! लीक बरेचदा होतो तो नळीच्या टोकाला रक्त कमी पोचतं म्हणून, आणि तो ओपनमधेही होतो. मामाला कागदावर चित्र काढून दाखवलं, पटलं नाही. आईची जखम उघडी ठेवली, पोटात घातलेल्या वेगळ्या नळीतून फीड चालू ठेवलं, अठराव्या दिवशी लाळ यायची थांबली.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर फायदा आहे आणि तो मुख्यतः फुप्फुसाला आहे. नेदरलँड्समधे 112 पेशंटवर तुलना झाली, 2019 मधे छापून आली, फुप्फुसाचे त्रास ओपनमधे 58 टक्के लोकांना झाले आणि रोबोटिकमधे 32 टक्के. छाती उघडली की दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. वडील सिगरेट ओढत असतील तर आज बंद करा, गोळ्यांचं यंत्र आजपासून हातात द्या.

पण आयुष्य किती वाढतं यात दोन्हींत फरक दिसला नाही, हेही सांगतो. आणि ही तुलना ओपनशी होती, साध्या दुर्बिणीने करणारा मुरलेला सर्जन असेल तर फरक बराच कमी राहतो. जोड छातीत करणार असतील तर तो रोबोटनेच शिवणार का ते विचारा, तिथला लीक जास्त घातक. मी डॉक्टर नाही, पण वर्षाला अशा किती केसेस करता हे विचारायला लाजू नका, मशिन कुठलं यापेक्षा ते महत्त्वाचं.

आणि घरात जो कोणी नको म्हणतोय त्याला सही करायच्या आधी सर्जनसमोर बसवा, त्यालाच विचारू द्या जोड कुठे आणि कशाने करणार. मी मामाला नेलं नव्हतं.