नॅनोफायबरवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा सेन्सर करतोय, डिटेक्शन लिमिट किती खाली आणावी?

तुमची डिटेक्शन लिमिट, म्हणजे सेन्सरला दिसणारं कमीत कमी पेरॉक्साइड, मायक्रोमोलरवर अडकलीय, त्याच्या हजारपट खालचं नॅनोमोलर गाठलं नाही तर पेपर लागेल का आणि फायबर कोणता घ्यावा, असं विचारलंय. पण मोजायचंय कशात? अख्ख्या प्रश्नात बफरशिवाय (पीएच स्थिर ठेवणारं लॅबमधलं द्रावण) कशाचंच नाव नाही. तिथंच माझं दुखणं निघालं, म्हणून लिहायला बसलो.

मी उदगीरकडचा. घरी चार म्हशी नि एक देवणी गाय. मे महिन्यात पहाटे काढलेलं दूध केंद्रावर पोचेपर्यंत नासायला टेकतं. मग कॅनमध्ये टोपणभर 'औषध' ओतणारे मी लहानपणापासून पाहिलेत. जखमेवर टाकतात तेच औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणून पीएच.डी.ला मी हाच विषय मागून घेतला होता.

पॅन नावाचं पॉलिमर डीएमएफ या द्रावकात विरघळवून १५ किलोव्होल्टवर त्याचं केसाहून बारीक सूत (नॅनोफायबर) काढायचं, हवेत स्थिर करून नायट्रोजनखाली ८०० अंशांवर कार्बन करायचं आणि त्यावर प्रशियन ब्लू हे लोखंडाचं निळं रंगद्रव्य चढवायचं, की झाला इलेक्ट्रोड. पेरॉक्साइड जितकं, तितका त्यातून करंट. प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचं ऑक्सिडेशन करायला +०.६ व्होल्टच्या आसपास जावं लागतं, तिथं अॅस्कॉर्बिक नि यूरिक अॅसिडही मध्ये लुडबुडतात. प्रशियन ब्लू तेच काम शून्य व्होल्टच्या जवळ, रिडक्शननं करतं. अल्कलीत ते टिकत नाही, पण दुधाचा पीएच ६.७च्या आसपास. त्याला पोटॅशियम लागतं, ते दुधात भरपूर. मला तर वाटलं, हे दुधासाठीच घडवलंय.

बफरमध्ये पेरॉक्साइड नि करंटची रेघ सरळ आली, माझे गाईड सर खूश. मग घरून बर्फात घालून कच्चं दूध आणलं, त्यात मोजून पेरॉक्साइड टाकलं. करंट उडी मारून वर गेला आणि डोळ्यांदेखत खाली यायला लागला. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, "इलेक्ट्रोड फाऊल झालाय, दुधातलं प्रथिन, केसीन, बसलंय त्यावर. दूध सोड. बफरमध्ये लिमिट खाली आण, दोन पेपर होतील." मी ऐकलं नाही. तीन महिने रोज इलेक्ट्रोड घासत बसलो.

एका रात्री फोनवर आईला रडगाणं ऐकवत होतो. तिला सेन्सरमधलं काय कळणार? ती म्हणाली, "तापवून बघितलास का? कच्चं दूध कुठं टिकतंय." ती नासण्याबद्दल बोलत होती. पण दुसऱ्या दिवशी मी दूध उकळलं, गार केलं, पेरॉक्साइड टाकलं आणि करंट वर गेला तो तिथंच टिकला, खाली आला नाही!

कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं, थोडं कॅटालेजही. ही दोन्ही एन्झाइमं टाकलेलं पेरॉक्साइड खाऊन टाकतात. ८० अंशांच्या पुढं लॅक्टोपेरॉक्सिडेज मरतं. दूध तापवलेलं आहे का हे पाहायची स्टॉर्च टेस्ट (स्टार्च नव्हे, स्टॉर्च हे माणसाचं नाव) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून याच गोष्टीवर चालते: पेरॉक्साइडचे दोन थेंब, पॅराफेनिलिनडायअमीन, निळं झालं तर दूध कच्चं. तेव्हाच्या डेअरीवाल्याला जे ठाऊक होतं ते आमच्या लॅबमध्ये एकालाही नव्हतं, मीही त्यातच. सेन्सर बिचारा खरं सांगत होता.

आता तुमच्या लिमिटकडे. दुधात ०.०५ टक्के पेरॉक्साइड पडलं तर ते जवळपास १५ मिलिमोलर, म्हणजे १५ हजार मायक्रोमोलर होतं. तिथं नॅनोमोलर घेऊन काय करणार? खरा प्रश्न हा की टाकल्यावर तासाभरानं उरतं किती, आणि उरलेलं दिसतं का. माझं हे अख्खं प्रकरण 'निगेटिव्ह रिझल्ट' म्हणून थीसिसमधून कापलं गेलं, एक परिच्छेद उरला. अजून सलतं. त्यामुळं सांगतो, नमुना पहिल्या आठवड्यातच आणा, शेवटच्या वर्षी 'रिअल सॅम्पल' म्हणून तोंडी लावायला नको. आणि ३० टक्क्यांच्या जुन्या बाटलीवरचं लेबल वाचून ९.८ मोलर धरू नका. परमँगनेटनं टायट्रेट करा. मी लेबलवरून आकडेमोड करून सहा महिन्यांचं कॅलिब्रेशन पाण्यात घातलंय.

फायबर? कुठलाही घ्या. क्षेत्रफळ वाढतं हे खरं, पण माझ्याकडं स्क्रीन-प्रिंटेड पट्टीवर नुसतं प्रशियन ब्लू लावलं तरी दुधात फार फरक पडला नव्हता. हे सरांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. शिवाय आपल्याकडं मेमध्ये सूत खडखडीत कोरडं, हाताला नि शर्टाला चिकटत फिरतं, तर पावसाळ्यात त्याच सेटिंगवर वेगळंच पडतं. वहीत तारखेसोबत आर्द्रताही लिहीत जा.

सरांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो: इलेक्ट्रोड दुधातून काढून परत बफरमध्ये घातला तर करंट आधीपेक्षा कमीच यायचा. म्हणजे केसीन बसत होतंच, नाफिऑन या पॉलिमरचा पातळ थर दिल्यावर थोडं सुधारलं. आणि तुम्ही पेशींतून सुटणारं पेरॉक्साइड मोजत असाल तर माझं सगळं सोडून द्या, तिथं लिमिट खरंच खाली हवी. फेलोशिपचं एकच वर्ष उरलं असेल तरी बफरमध्ये आटपा नि पेपर लावा, मी दोष देणार नाही.

गेल्या वर्षी सरांच्याच एका विद्यार्थ्याचा फोन आला होता, दूध किती मिनिटं तापवायचं म्हणून. एक उकळी पुरे म्हणलं, आणि साय काढून घे.