औषध फिल्मला नाही, डायला

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फिल्मचा तुकडा मिळाला. खिडकीशी उजेडात धरला, बोट फिरवलं. बारीक आडव्या रेघा, हाताला खरखर. ही शार्कस्किनच. ऑपरेटरला बोल लावू नकोस, एलएलडीपीई या पॉलिथिनचा स्वभावच तो. एलडीपीई या दुसऱ्या पॉलिथिनसारख्या लांब फांद्या त्याच्या रेणूंच्या साखळीला नसतात, म्हणून डायमध्ये, म्हणजे वितळलेला माल ज्या साच्याच्या फटीतून बाहेर येतो त्यात, वेग वाढला तरी तो तितका पातळ होत नाही. भिंतीला धरून राहिलेला थर लिपबाहेर, म्हणजे डायच्या तोंडाबाहेर, पडताच एकदम ओढला जातो आणि पृष्ठभागावर फाटतो.

तापमान वाढवलं तर रेघा कमी होतील, पण बबल, म्हणजे डायमधून निघणारा फिल्मचा फुगा, डुलायला लागेल. लिपची फट वाढवणं, एलडीपीई मिसळणं हेही उपाय आहेत. प्रत्येकाची किंमत फिल्मच्या गुणांत मोजावी लागते. म्हणून प्रोसेसिंग एड, म्हणजे माल सुरळीत निघावा म्हणून टाकायचं थोडंसं फ्लोरोपॉलिमर.

ते काम कुठे करतं, हे मात्र नीट ध्यानात घे. ते फ्लोरोपॉलिमर मेल्टमध्ये, म्हणजे वितळलेल्या मालात, विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब डायच्या धातूवर पसरून लेप धरतात आणि मेल्ट त्या लेपावरून घसरतो. लेप बसायला अर्धा तास लागतो, कधी तासभरही. तुझ्या वयात मी पंधरा मिनिटांत धीर सोडला आणि मास्टरबॅच, म्हणजे एड आधीच मिसळलेले दाणे, दुप्पट केला. रेघा गेल्या, पण पुढच्या पाळीत लिपवर इतकं किटण साठलं की लाइन थांबवून डाय साफ करावी लागली.

मास्टरबॅचमध्ये 3 टक्के एड असेल आणि तो 2 टक्के टाकला, तर फिल्ममध्ये 600 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 600 भाग, होतात. सुरुवातीला एवढं पुरे. दर दहा मिनिटांनी पूर्ण रुंदीचा तुकडा काप, त्यावर वेळ आणि मेल्ट प्रेशर लिही. आधी एक-दोन गुळगुळीत पट्टे दिसतील, मग ते रुंदावत जातील. एखादी खरखरीत पट्टी हटतच नसेल, तर डायमध्ये त्या जागी जळका माल बसलाय का ते बघ. फिल्मचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून टाकतो ते अँटिब्लॉक तोवर बंद ठेव. त्यातली सिलिका किंवा टाल्क कोवळा लेप खरवडते.

युरोपला जाणाऱ्या अन्नाच्या पिशव्यांचं तू विचारलंस. तिथे 12 ऑगस्ट 2026 पासून अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगमध्ये पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांवर मर्यादा आहेत. त्यातली एक, पॉलिमर धरून, 50 पीपीएमची. आपलं फ्लोरोपॉलिमर त्यातच येतं, त्याचे 600 पीपीएम त्यात बसत नाहीत. त्या मालासाठी फ्लोरिनविरहित एडची चाचणी आत्ताच घे. पण त्याआधी डाय उघडून पूर्ण साफ कर. जुना लेप राहिला तर नवं एड पहिल्या दिवशी उत्तम चाललेलं दिसेल आणि लेप झिजला की रेघा परत येतील; तोवर ऑर्डर निम्मी निघालेली असेल.

चाचणीचे तुकडे पाठव. वेळ लिहायला विसरू नकोस.