पाण्यात पडून वाळवलेला सेकंडहँड कॅमेरा निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय, घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मिररलेस बॉडी आहे (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा), सोबत किट लेन्स आहे (कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स), मालक म्हणतो "एकदाच पाण्यात पडला, लगेच काढला, वाळवला, आता एकदम मस्त चालतो", आणि किंमत चालू सेकंडहँड भावाच्या निम्म्याहूनही कमी. थोडक्यात उत्तर हवं असेल तर वापरायला म्हणून घेऊ नका. पार्टसाठी किंवा उघडून शिकायला घेणार असाल तर खुशाल घ्या, पण मग भावही पार्टचाच द्या. "अहो पण चालतोय की, मग प्रॉब्लेम काय?" हे तुमच्या मनात येणारच म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हौसेनं कॅमेरे उघडतो, ओळखीतले लोक आपापले बिघडलेले नग माझ्याकडे आणून टाकतात, आणि त्यात पाणी पिऊन आलेले बरेच असतात.

कॅमेरा मरतो तो नुसत्या पाण्यानं नाही, पाण्यात जे काही विरघळलेलं असतं त्यानं आणि त्यातून वाहणाऱ्या करंटनं. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पण नळाचं घ्या, नदीचं घ्या, पावसाचं घ्या, थोडेफार क्षार असतातच, आणि आत बॅटरी असली की कॅमेरा बंद असतानाही आतल्या सर्किट बोर्डवर काही जागी व्होल्टेज असतंच, कारण पॉवरचं बटण कधी दाबलं जातंय याची वाट बघत एखादा सर्किटचा भाग जागा असतो. मग एका पॉइंटचं तांबं विरघळून दुसऱ्या पॉइंटकडे सरकायला लागतं, मध्ये धातूचे केसासारखे तंतू उगवतात आणि जे दोन पॉइंट कधीच जोडले जायला नकोत ते जोडले जातात. कधी लगेच, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. म्हणून "आज चालतोय" याला माझ्या लेखी फार किंमत नाही, पाण्यातून काढलेले कितीतरी कॅमेरे वाळल्यावर चालू होतात, प्रश्न पुढच्या दमट सीझनला काय होतं हा आहे.

त्यामुळे मालकाला पहिला प्रश्न, कुठलं पाणी? पावसाची सर किंवा गोड्या पाण्यात क्षणभर बुडी, हे त्यातल्या त्यात बरं. स्विमिंग पूल असेल तर क्लोरीन असतं, ते धातू खातं. कोल्ड्रिंक किंवा चहा सांडला असेल तर आत साखर चिकटून बटणं बसतात. पुराचं किंवा गढूळ पाणी असेल तर डायलमध्ये गाळ, तो बाहेरून कधीच निघत नाही, डायल फिरवताना बारीक करकर हाताला लागते. आणि समुद्राचं असेल तर विषय संपला. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पाणी उडून जातं पण हे आत राहतात, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाघळायला लागतं. म्हणजे समुद्रात पडलेला कॅमेरा कपाटात बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा ओला होत राहतो. तो फुकट मिळाला तरी मी वापरायला घेणार नाही.

दुसरा प्रश्न, पडला तेव्हा बॅटरी आत होती का, आणि बाहेर काढल्यावर लगेच ऑन करून बघितला का? याचं खरं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं, कारण माणूस घाबरलेला असतो आणि सगळ्यात आधी स्विचच ऑन करतो. तिसरा, वाळवला म्हणजे नक्की काय केलं? "तांदळात ठेवला होता" असं म्हणाला तर समजून जा की काहीच केलेलं नाही. तांदूळ आतलं पाणी काही ओढून काढत नाहीत, उलट त्यांची भुकटी पोर्टमध्ये जाते, आणि मुख्य म्हणजे क्षार जिथल्या तिथेच. खरं काम म्हणजे बॅटरी काढायची, कव्हरं उघडायची, बोर्ड बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटर आणि मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचा, आणि हे पडल्यानंतर लवकरात लवकर, महिन्याभरानं नाही. असं काम केल्याचं सर्व्हिसचं बिल असेल, त्यावर काय बदललं ते लिहिलेलं असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. नुसतं "ओळखीच्यानं साफ करून दिलाय" हे मी धरत नाही.

एक बॉडी सांगतो जी मी स्वतः उघडली होती. ज्यानं घेतली त्याला विकणाऱ्यानं तुमच्या मालकानं सांगितलं तसंच सांगितलं होतं, आणि खरोखर बरेच महिने ती नीट चालली. मग दमट दिवस सुरू झाले तसं कॅमेरा आपोआप फोकस मारायला लागला, कोणी हात न लावता, आणि एकदा सुरू झाला की धडाधड फोटोच काढत सुटायचा. एसीत नेला की शहाणा. वरचं कव्हर काढलं तर बाहेरून चकाचक असलेल्या त्या बॉडीत शटर बटणाखालून जी चपटी फ्लेक्स केबल जाते तिच्या कनेक्टरच्या कोपऱ्यात हिरवट पांढरी भुकटी, साधारण मोहरीएवढा ढीग. कनेक्टरचा छोटा काळा लॉक नखानं उचलायला गेलो तर त्याचा चुरा झाला. आतल्या पिनांपैकी टोकाच्या काळ्या पडलेल्या, एक तर उरलीच नव्हती, आणि हाफ-प्रेसची (बटण अर्धं दाबून फोकस करायची) लाइन नेमकी त्याच टोकाला. ओलावा आला की ती भुकटी करंट वाहून न्यायची, कॅमेऱ्याला वाटायचं कोणीतरी बटण दाबलंय. ती जागा साफ केली, तुटलेल्या लाइनला बारीक वायरचा जंपर टाकला, चालू झाली, आणि मग काही दिवसांनी मागची स्क्रीन गेली. सांगायचं म्हणजे गंज एका जागी नसतो, तुम्हाला दिसतो तेव्हा तो आणखी दोन ठिकाणी न दिसणारा असतो.

तरी बघायला जाणारच असाल (जाणार, माहितीये, किंमत बघून हात शिवशिवतात) तर टॉर्च, तुमचं स्वतःचं कार्ड आणि जमल्यास तुमची चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. बॅटरीचा कप्पा उघडून आत तळाशी टॉर्च मारा, कॉन्टॅक्टवर हिरवं किंवा पांढरं दिसलं तर तिथूनच परत फिरा. मग स्क्रू बघा, खालच्या प्लेटचे, हॉट शूचे (वर फ्लॅश अडकवायची खाच), पट्टा अडकवायच्या कड्या, ट्रायपॉडचं भोक. स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज असेल तर आतल्या लोखंडी भागांची कल्पना येते, आणि स्क्रूची डोकी ताजी खरवडलेली असतील तर कोणीतरी उघडलाय, कोणी उघडला ते विचारा. कार्डच्या स्लॉटच्या पिना आणि यूएसबीच्या पोर्टच्या आतल्या पट्ट्याही बघा, तिथे गंज लवकर दिसतो. व्ह्यूफाइंडरमध्ये आणि स्क्रीनच्या कडांना ढगासारखे डाग दिसतात का बघा, थरांमध्ये शिरलेल्या पाण्याचे डाग पुसून जात नाहीत.

सेन्सरसाठी एफ/१६ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. धुळीचे ठिपके आले तर काही नाही, ते साफ होतात. पण कडेला रिंग असलेला, वाळलेल्या थेंबासारखा डाग असेल आणि साफ करूनही तसाच दिसत असेल तर तो सेन्सरवरच्या काचेच्या थरांच्या आत आहे, म्हणजे सेन्सरच बदलायचा, आणि त्या खर्चात दुसरी बॉडी येते.

मग खरी परीक्षा, कॅमेरा गरम करा. पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ लावून ठेवा, बरेच लोक दोन फोटो काढून खूश होतात आणि घरी आल्यावर पंचाईत होते. त्याच दरम्यान प्रत्येक बटण दाबा, दोन्ही डायल हळू आणि जोरात फिरवा, आकडा उड्या मारतो का बघा, बर्स्ट मारा (बटण दाबून धरून सलग फोटो), ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या, वायफाय जोडून बघा, फ्लॅश असेल तर उडवा. बॉडीत स्टॅबिलायझर (सेन्सर हलवून हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) असेल तर ऑन करताना सेन्सर खडखडतो का ते कान लावून ऐका. यूएसबीनं चार्जिंग मात्र तिथे करून बघू नका, पोर्टमध्ये गंज असेल तर शॉर्टचा धोका, आणि त्याच्यासोबत भिजलेली लिथियम बॅटरी तर चार्जच करायची नाही, ती वापरातून काढून टाकायची, याबाबतीत मला कंजुषी मान्य नाही.

लेन्सचं वेगळं. किट लेन्स सेकंडहँडमध्ये एवढ्या पडलेल्या असतात की भिजलेली घ्यायचं कारणच नाही. मागून टॉर्च मारून समोरून बघितलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर दिसते, ती कोटिंग खाते आणि मग साफ केली तरी खूण राहते. झूम फिरवताना कुठे अडकते का, ऑटोफोकस अडखळतो का, एवढं बघा.

सर्व्हिस सेंटरवर विसंबून घेऊ नका. पाण्याचं डॅमेज दिसलं की वॉरंटी लागू होत नाही हे सगळीकडे ठरलेलं, आणि पैसे देऊन करायचं म्हटलं तरी मेन बोर्ड बदलायचंच कोटेशन येतं किंवा सरळ नाही म्हणतात. स्वतः उघडायचा विचार असेल तर फ्लॅश असलेल्या बॉडीत कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो आणि बॅटरी काढल्यावरही तो लगेच जात नाही. डिस्चार्ज करायचं माहीत नसेल तर कव्हरला हात लावू नका, झटका जबरदस्त बसतो.

याला एक अपवाद आहे, पूर्ण मेकॅनिकल फिल्म कॅमेरे. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ सारख्यांचं शटर बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला, त्यामुळे गोड्या पाण्यात पडलेला असला आणि लगेच उघडून साफ करून नवं ऑइल दिलं असेल तर तो अजून बरीच वर्षं चालू शकतो, मात्र स्प्रिंगांना गंज नको. आणि याच्या उलट टोकाला "वॉटरप्रूफ" कॉम्पॅक्ट ज्याच्या आत पाणी गेलंय तो. सील गेलं म्हणजे त्याचं वॉटरप्रूफपण गेलंच, ज्यासाठी तो घ्यायचा तेच उरलं नाही. वेदर सील्ड बॉडीचंही तसंच आहे, वेदर सील म्हणजे पावसाच्या शिंतोड्यांपुरतं, बुडवायला नाही, त्यामुळे मालक "याला सील आहे हो" म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला.

तुमच्या जागी मी असतो तर तेवढ्याच पैशात त्याच कंपनीची एक-दोन पिढ्या जुनी, कोरडी, शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) थोडा जास्त असलेली बॉडी शोधली असती. ऑटोफोकस जरा मागचा मिळेल, पण आधी पाणी न प्यालेला मिळेल. आणि हाच कॅमेरा मनात बसला असेल तर मालकाला सांगा की बॅटरीचा कप्पा, कार्डचा स्लॉट आणि खालचे स्क्रू, तिन्हींचे जवळून काढलेले फोटो आधी पाठवा, मग बघायला येतो. "अजून दोघं बघून गेलेत, आजच ठरवा" असं म्हणाला तर त्या दोघांनाच घेऊ द्या.