कोळंबी, गाजरगवत आणि काढा: अ‍ॅलर्जीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४२. लहानपणापासून कोळंबी खातोय. आता मात्र दोनदा असं झालं, की खाल्ल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. इतकी वर्षं पचत होती, मग आत्ताच का? (मालवण)

उत्तर : अ‍ॅलर्जी पहिल्याच घासाला होत नाही. कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाविरुद्ध शरीर कधीतरी आयजीई नावाची प्रतिपिंडं (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिनं) बनवू लागतं. ते कोणत्याही वयात घडू शकतं. ही प्रतिपिंडं त्वचेतल्या, श्वसनमार्गातल्या आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींवर, जाऊन बसतात. तोवर त्रास काहीच नसतो, म्हणून पत्ताही लागत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा आलं, की शेजारशेजारच्या आयजीईंना एकदम चिकटतं आणि मास्ट पेशी काही मिनिटांत खाज-सूज आणणारं हिस्टामिन हे रसायन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, तीच तुमची सूज. घरच्या धुळीतल्या माइट किड्यांतही याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन असतं; काहींची सुरुवात तिथून होते.

शिजवल्याने हे प्रथिन मोडत नाही, त्यामुळे ‘नुसता रस्सा घेतो’ ही पळवाट नको. तपासणी होईपर्यंत कोळंबी बंद, खेकडा आणि शेवंडही. पुन्हा असं होऊन दम लागला किंवा चक्कर आली, तर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन गुण येण्याची वाट बघत बसू नका. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : शेतातलं गाजरगवत उपटलं, की दोन दिवसांनी मान, पापण्या आणि हात खाजून लाल होतात. सेट्रिझिनने फरक पडत नाही. (बारामती)

उत्तर : पडणारही नाही फारसा, कारण सेट्रिझिन हिस्टामिनला अडवतं आणि इथे खेळ हिस्टामिनचा नाही. या गवतातलं पार्थेनिन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि ते टी-पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लक्षात राहतं. त्या पेशी जमायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून हा उशीर. वाळक्या गवताचा भुगा हवेतून येतो, त्यामुळे न उपटताही पापण्या सुजतात. आयजीईच्या रक्ततपासणीत हे सापडत नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवरची पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पट्टीखाली लावून दोन-तीन दिवसांनी त्वचा बघणं) करा. पूर्ण बाह्या, हातमोजे, काम संपताच अंघोळ. मलम त्यांच्याच सल्ल्याने. दुकानदाराने दिलेलं स्टेरॉइड महिनोन्‌महिने चोळू नका.

प्रश्न : मुलीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा देऊ का? (नाशिक)

उत्तर : तिची प्रतिकारशक्ती कमी नाही, चुकीच्या ठिकाणी जागी आहे. त्या प्रतिकारशक्तीला आवरायला शिकवणारा उपचार वेगळा : ज्याची अ‍ॅलर्जी, त्याचेच अगदी थोडे डोस वाढवत नेणं. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांच्या अ‍ॅलर्जीवर हे करून पाहिलं. आज धुळीसाठीही होतं, पण साधारण तीन वर्षं चालतं आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.